स्वदेसच्या घाटावरची वसईची घंटा

स्वदेसमधला मोहन भार्गव आठवतोय ना? नासातला इंजिनियर, भाड्याची कॅराव्हॅन घेऊन चरणपूरला येतो. २००४ साली सिनेमा आला तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. नंतर टीव्हीवर इतक्यांदा पाहिला की अशी गाडी घेऊन एकदा तरी हिंडायचं हे डोक्यात पक्कं बसलं. गेल्या महिन्यात जमलं. भाड्याची कॅम्पर व्हॅन, आई-बाबा मागे आणि स्टिअरिंगवर अस्मादिक. सरावलीहून निघालो, चिल्हार फाट्याला हायवे पकडला आणि मुक्काम थेट वाई!

चरणपूर सिनेमात उत्तर प्रदेशात आहे, पण शूटिंग झालं ते वाईजवळच्या मेणवलीला. आशुतोष गोवारीकरांनी निवडलेला तो कृष्णाकाठचा घाट म्हणजे नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट. पेशवाईतला कारभारी, १८०० साली वारला. सिनेमावाल्यांनी उभारलेलं गाव केव्हाच गेलं, घाट आणि वाडा मात्र जागेवर आहेत. गंमत बघा, लोक तिथे शाहरुख कुठे उभा होता ते विचारतात. मीही तेच विचारलं, खोटं कशाला बोला!

फोटो काढून झाले आणि बाबांनी हाक मारली, "अरे, इकडे ये. ही घंटा बघ."

घाटावरच्या छोट्या देवळीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती, आणि साल १७०७. ही चर्चची घंटा, वसईच्या विजयानंतर आणलेली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही त्याच मोहिमेतली म्हणून ओळखली जाते.

आता वसई म्हणजे आमचाच पालघर जिल्हा. आणि ती मोहीम आमच्या दारावरून गेलेली! जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी घेतली. मग तारापूर. तिथे बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. उत्तरेकडची ठाणी हातात आल्यावर वसईला वेढा बसला, सुरुंगांनी बुरूज फुटले आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. त्यांना मानाने बाहेर जाऊ दिलं. घंटा राहिल्या.

बाबा बराच वेळ गप्प होते. त्यांची सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत गेली. मग म्हणाले, "तीस वर्षं तारापूर तारापूर करतोय. किल्ला एकदाही नीट बघितला नाही रे."

मी काय बोलणार? मला तारापूर म्हटलं की १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं आणि सरावली म्हटलं की शिफ्ट सुटल्यावरचं ट्रॅफिक. सिनेमा बघून कुठल्या कुठे वाईला गेलो आणि कळलं काय, तर आपल्या घराजवळ काय घडलं ते. मोहन भार्गवचंही तसंच झालं होतं म्हणा. त्याला निदान नासातून यावं लागलं, मला तर घराबाहेर नुसतं डोकावायचं होतं.

असो. गाडी परत केली. पुढच्या रविवारी बाबांना मागे बसवून तारापूरला जाणार आहे, बाईकवरून. त्याला कॅम्पर व्हॅन कशाला लागते?