नव्या माशांचे आगमन आणि मत्स्यपेटीतील अमोनिया

मत्स्यपेटीत सोडलेले नवे मासे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एकापाठोपाठ एक दगावू लागले, की दोष बहुधा विक्रेत्याला किंवा एखाद्या अज्ञात रोगाला दिला जातो. पाणी नितळ असते आणि मासे दुकानात धडधाकट दिसलेले असतात. प्रत्यक्षात मृत्यूचे कारण अनेकदा त्या नितळ पाण्यातच विरघळलेले असते. अमोनियाला रंग नसतो आणि माशांना घातक ठरणाऱ्या प्रमाणात त्याचा वासही सहसा जाणवत नाही.

मासे शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. गाळणीतील स्पंजावर व तळाच्या खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास असे जिवाणू वेगळे करून दाखवले. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या पेटीतही त्यांची संख्या असलेल्या माशांच्या मलभाराइतकीच असते. त्यामुळे एकदम दहा मासे वाढवले, तर हे संतुलन ढळते.

अमोनियाची विषारीता पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर, अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असल्यास एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो. उरलेला सौम्य अमोनियमच्या रूपात राहतो. सामू ८ झाला, की विषारी हिस्सा सुमारे पाच टक्क्यांवर जातो आणि ९ला एक तृतीयांशाहून अधिक होतो. उष्णतेनेही तो वाढतो. क्षारयुक्त विंधन विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी उन्हाळ्यात म्हणूनच अधिक सावध राहावे.

प्लास्टिकच्या पिशवीतून होणारा प्रवास हा यातील सर्वांत फसवा टप्पा होय. चेन्नईतील कोलाथूर किंवा कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीट अशा बाजारांतून दूरच्या गावी निघालेले मासे कित्येक तास बंद पाण्यात श्वसन करतात. पाण्यात अमोनिया साचतो. पण सोबत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरतो आणि विष दबून राहते. पिशवी उघडताच हा वायू निसटतो, सामू चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी रूप धारण करतो. लांबच्या प्रवासानंतर उघड्या पिशवीत थेंबथेंब पाणी मिसळत तासभर थांबण्याची पद्धत म्हणूनच हितापेक्षा अहितच अधिक करते. बंद पिशवी पेटीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग मासे जाळीने उचलून पेटीत सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

एका वेळी दोन-तीनच मासे आणावेत आणि पुढच्या खेपेपूर्वी किमान आठवडाभर जाऊ द्यावा. पहिल्या दिवशी खाद्य न दिल्याने निरोगी, वाढ झालेल्या माशांचे काही बिघडत नाही. हौसेने टाकलेली जादा चिमूट मात्र महागात पडते. चाचणी संचाने अमोनिया व नायट्राइट रोज तपासावेत. दोन्ही शून्य असणे अपेक्षित आहे.

मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले किंवा कल्ले लालभडक दिसले, तर एक तृतीयांश ते अर्धे पाणी त्याच तापमानाच्या, क्लोरीनमुक्त पाण्याने बदलावे आणि हवेचा पंप वाढवावा. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरामाइन असल्यास केवळ सोडियम थायोसल्फेट पुरत नाही. ते क्लोरीन काढते, पण मुक्त झालेला अमोनिया मागे राहतो.

गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. भारनियमनात गाळणी काही तास बंद राहिली, तर प्राणवायूअभावी आतील जिवाणू मरू शकतात. अशा वेळी स्पंज काढून पेटीच्या पाण्यात मोकळा ठेवावा आणि वीज परतल्यावर गाळणीत साचलेले पाणी फेकून मगच ती सुरू करावी.