प्रेक्षकाची आज्ञा : तारपानृत्य आणि प्रोग्रामरचा एडिटर

आज्ञावली लिहिणाऱ्या प्रोग्रामरने आपल्या संगणकाचा पडदा थेट प्रक्षेपणाद्वारे शेकडो अपरिचितांसमोर उघडा ठेवावा, आणि त्या प्रेक्षकांनी दुरून धाडलेल्या शब्दांनी त्याच्या एडिटरमध्ये काही घडवून आणावे, ही प्रथा गेल्या काही वर्षांत बरीच रूढ झाली आहे. तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तीत एक जुना प्रश्न नव्या रूपात दिसतो : रचना चालू असताना पाहणाऱ्याने तीत कितपत शिरावे, आणि कोणत्या शब्दांनी शिरावे? प्रेक्षकाच्या हाती प्रत्यक्ष लेखणी क्वचितच दिली जाते. त्याला दिला जातो तो मोजक्या आज्ञांचा एक शब्दसंग्रह. तो कोणी आणि कोणत्या भाषेत ठरविला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू व तलासरी या तालुक्यांत, वारली पाड्यांवर सापडते. तारपा हे वाद्य वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून तयार होते. भाताचे नवे पीक हाती आले की रात्री मोकळ्या जागेत तारपा वाजू लागतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून वादकाभोवती साखळी धरतात. साखळीच्या अग्रभागी असलेला पुढारी सुरांतील बदल ओळखून डावीकडे वा उजवीकडे वळतो, आणि त्याच्यामागे सर्व साखळी वळते. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, असा दंडक आहे. येथे आज्ञा देणारा एकच असून त्याच्या आज्ञेत शब्द नाही. तथापि साखळीचे शेवटचे टोक मोकळे असते. आतापर्यंत नुसता पाहात उभा असलेला माणूस तेथे येऊन हात गुंफतो, आणि दमल्यावर बाजूला होतो. म्हणजे आज्ञेचा अधिकार बंदिस्त, परंतु सहभागाची वाट खुली, अशी ही व्यवस्था होय.

संगणकाच्या इतिहासात प्रारंभी याच्या उलट स्थिती होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे एक हजार श्रोत्यांसमोर जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात दूर मेन्लो पार्क येथे बसलेला त्यांचा सहकारी आणि ते स्वतः एकाच पडद्यावरील मजकुरावर काम करीत होते. एका मजकुरावर दोन हात चालू शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले; परंतु सभागृहातील हजार माणसे प्रेक्षकच राहिली. २००३ साली सबएथाएडिट या एडिटरने अनेकांना एकाच वेळी एका संहितेत लिहिण्याची सोय करून दिली. तीही सहकाऱ्यांपुरतीच होती. २००४ साली टॉपलॅप हा कलावंतांचा गट स्थापन झाला. श्रोत्यांसमोर आज्ञावली लिहून संगीत निर्माण करणाऱ्या या मंडळींनी कलावंताने आपला पडदा श्रोत्यांना दाखविलाच पाहिजे, असा आग्रह धरला. पाहण्याचा हक्क त्यामुळे तत्त्वतः मान्य झाला. हस्तक्षेपाचा हक्क अद्याप दूर होता.

तो अकस्मात आणि टोकाच्या रूपात आला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी ट्विच या प्रक्षेपण-स्थळावर एका अनामिक प्रोग्रामरने पोकेमॉन रेड हा खेळ सुरू करून त्याची सूत्रे प्रेक्षकांच्या चॅटला जोडली. प्रेक्षकाने खेळातील एखाद्या कळीचे नाव लिहावे आणि ती कळ दाबली जावी, एवढेच त्याचे व्याकरण होते. अकरा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. परस्परविरोधी आज्ञांमुळे खेळातील पात्र तासन् तास एका जागी घुटमळू लागले, तेव्हा चालकाने ठराविक काळातील बहुमताची आज्ञा मानण्याची दुसरी पद्धती आणली आणि दोहोंपैकी कोणती चालावी हेही प्रेक्षकांच्या मतावर सोपविले. १ मार्च रोजी खेळ पूर्ण झाला. केवळ आठ-दहा शब्दांच्या भाषेतही, बोलणारे लक्षावधी झाले की राज्यघटनेची गरज पडते, हा या घटनेचा बोध होय.

खेळातील चूक दुरुस्त करता येते. आज्ञावलीतील एका चुकीच्या अक्षराने सर्व काम बंद पडते. म्हणून प्रोग्रामर मंडळी अधिक सावध राहिली. २०१७ साली जाहीर झालेल्या लाइव्ह शेअर या सोयीत निमंत्रिताला प्रत्यक्ष लिहिता येते, किंवा त्याला केवळ वाचण्याचीच मुभा ठेवता येते. अनोळखी प्रेक्षकांसाठी मात्र २०१८ च्या सुमारास व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरला जोडावयाची काही छोटी साधने तयार झाली. प्रेक्षकाने चॅटमध्ये उद्गारचिन्ह, ठरलेला शब्द व ओळीचा क्रमांक लिहिला की एडिटरमधील ती ओळ उजळते. दुसऱ्या एका शब्दाने एडिटरची रंगसंगती बदलते. प्रेक्षक ओळीकडे बोट दाखवू शकतो. ती पुसू शकत नाही. तारप्याच्या साखळीप्रमाणे येथेही एक टोक मोकळे ठेवून मध्यबिंदू राखला आहे. भेद इतकाच, की येथे बाहेरून येणारा नुसता वळत नाही, तो सुचवितो. आणि चुकलेली ओळ प्रोग्रामरच्या आधी प्रेक्षकालाच दिसण्याचे प्रसंग येतात.

आता आज्ञेच्या भाषेचा विचार करू. हे शब्द बहुधा इंग्रजी असतात, आणि इंग्रजी आज्ञार्थात आदराचा भेद नाही. मराठीत तो टाळता येत नाही. ‘ओळ दाखव’, ‘ओळ दाखवा’ आणि ‘ओळ दाखवावी’ ही तीन वाक्ये समोरच्याशी तीन निरनिराळी नाती जोडतात. मराठी संगणक-व्यवहारात यंत्राला उद्देशून ‘जतन करा’ असे आदरार्थी रूप रुळले आहे. परंतु प्रक्षेपणातील प्रेक्षक जी आज्ञा लिहितो, ती यंत्राने पाळावयाची असली तरी माणसाच्या देखत, त्याच्या कामात दिलेली असते. ती यंत्राला उद्देशून मानावी की माणसाला, याचा निर्णय केल्यावाचून मराठीत आज्ञाशब्दच बनविता येत नाही. इंग्रजीत झाकलेला हा प्रश्न मराठी उघड करते. तारप्याने तो शब्दच टाळून सोडविला होता.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. डहाणू-तलासरीतील अनेक मुलांची घरची बोली वारली, शाळेची भाषा मराठी आणि संगणकाची भाषा इंग्रजी असते. साखळीत हात गुंफण्यापूर्वी त्यांना दोन उंबरे ओलांडावे लागतात. यंत्राची त्याला हरकत नाही. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान आहे, आणि २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये चलांची नावेही देवनागरीत ठेवता येतात. प्रेक्षकाच्या आज्ञेसाठी तर केवळ अक्षरांची जुळणी पुरते. उणीव आहे ती शब्द ठरविणाऱ्यांची.

दुर्लक्षाचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण याच भूमीत आहे. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी १९७० नंतरच्या दशकात वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील तारप्याभोवतीचे वलय आज सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या कीर्तीचे मोल मोठे आहे. परंतु कागदावरील साखळीत कोणी शिरू शकत नाही. चित्र विकत घेणारा पाहतो आणि थांबतो. वलयाची आकृती दूरवर गेली, मोकळे टोक पाड्यावरच राहिले.

थेट प्रक्षेपणाने ते टोक पुन्हा मोकळे करण्याचे साधन दिले आहे. मराठी व वारली आज्ञाशब्दांची एक लहान सूची, त्या बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आणि आज्ञार्थाचा वरील प्रश्न सोडवून तयार करणे, हे एखाद्या भाषाविभागाला एका सत्रात करता येण्याजोगे काम आहे. सूची वीस शब्दांची असली तरी पुरे. पोकेमॉनच्या लक्षावधी प्रेक्षकांनी त्याहून कमी शब्दांत आपला कारभार चालविला होता.