चिलमार्कचा ‘ऐ’, न्यूयॉर्कचा ‘र’

ऑगस्ट १९६१. वूड्स होलच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली आहे आणि तुम्ही वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे आहात. मॅसॅच्युसेट्सचा किनारा मागे पडतो आहे. समोर मार्थाज व्हिनयार्ड हे बेट दिसतं. मुख्य भूमीपासून त्याचं अंतर जेमतेम तीन मैल. बोटीवर बहुतेक उन्हाळी पाहुणे आहेत. पांढऱ्या पँटी, टेनिसच्या रॅकेटी, पोरांच्या हातात नवे कोरे मासेमारीचे गळ. अधूनमधून एखादा रापलेल्या चेहऱ्याचा माणूस दिसतो, सामानाच्या खोक्यांजवळ, कुणाशी न बोलता. तो घरी चालला आहे. बाकीचे सुट्टीवर.

बेटावर बारा महिने राहणारी माणसं साधारण साडेपाच हजार. उन्हाळ्यात येणारी चाळीस हजारांहून जास्त. घरं एकेक करून पाहुण्यांना विकली जात आहेत, आधी समुद्राकाठची, मग टेकडीवरची. आणि ज्या जागेवर श्रीमंत लोक हवा खायला येतात, ती राज्यातली सर्वांत गरीब काउंटी आहे. बेकारी मॅसॅच्युसेट्सच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. हे लक्षात ठेवून पुढे चला. इथे तुम्हाला जे ऐकायचं आहे, त्याचं मूळ या आकड्यांत आहे.

व्हिनयार्ड हेवन, ओक ब्लफ्स, एडगरटाउन ही पूर्वेकडची गावं मागे टाका. तिथे दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, पाहुण्यांची वर्दळ आहे. तुम्हाला पश्चिमेला जायचं आहे, ज्याला बेटावरचे लोक ‘अप-आयलंड’ म्हणतात. दगडी गडगे, खुरटी झाडं, मेंढ्यांची जुनी कुरणं, आणि चिलमार्क गावाच्या हद्दीत मेनेमशाचं छोटं बंदर. धक्क्यावर शेवंडांचे पिंजरे रचून ठेवले आहेत. दोघे कोळी दोर गुंडाळत बोलत आहेत. जवळ जा. ते काय बोलतात त्यापेक्षा कसं बोलतात, ते ऐका.

‘राइट’, ‘नाइट’, ‘हाउस’, ‘आउट’. मुख्य भूमीवर हे शब्द बोलताना तोंड आधी ‘आ’ म्हणायला सैल उघडतं आणि मग जीभ ‘इ’ किंवा ‘उ’कडे सरकते. मेनेमशाच्या धक्क्यावर तोंड तेवढं उघडतच नाही. स्वर अर्ध्या वाटेवरून, ‘अ’पासून सुरू होतो. आपण ‘पैसा’ किंवा ‘चौक’ म्हणतो ना, त्यातल्या ‘ऐ’ आणि ‘औ’च्या फार जवळचा. इंग्रजी बोलणाऱ्या परक्याला हा फरक पटकन सापडत नाही. तुमच्या कानाला तो लगेच सापडेल. मात्र त्या दोघा कोळ्यांना सांगून पाहा. आपण असं काही बोलतो हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी ते ठरवून केलेलं नाही, आणि सांगितलं म्हणून त्यांना थांबवताही येणार नाही.

थोडं पलीकडे एक तरुण टेपरेकॉर्डर घेऊन बसला आहे. विल्यम लबाव, वय तेहतीस. आतापर्यंत शाईच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलं, आता कोलंबिया विद्यापीठात भाषाविज्ञान शिकतो आहे. तो आणखी दोनदा या बेटावर येईल, पानगळीत आणि पुढच्या जानेवारीत. जानेवारीतल्या चिलमार्कला जाऊन बसणं ही लहान गोष्ट नाही. या तीन खेपांत तो ६९ बेटकरांचं बोलणं नोंदवेल. आवाज रेकॉर्ड करण्यापुरतं त्याचं काम नाही. बेटाबद्दल त्यांना काय वाटतं, इथे राहायचं आहे की जायचं आहे, हेही तो विचारतो.

त्याच्या आधी इथे एक जण येऊन गेला आहे. अठ्ठावीस वर्षं मागे उडी घ्या, १९३३मध्ये. न्यू इंग्लंडच्या बोलींचा नकाशा तयार होतो आहे आणि त्यासाठी गाय लोमन बेटावरच्या जुन्या घराण्यांतल्या चार जणांकडून शब्द लिहून घेतो आहे. त्याच्या वहीत तो ‘ऐ’ आहे, पण बेताचाच. ‘औ’ तर जवळजवळ नाहीच. सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या लोकांच्या तोंडचं हे जुनं वळण, एव्हाना मुख्य भूमीवर मावळलेलं. त्या दिवशी तुम्हाला कुणी विचारलं असतं तर तुम्हीही म्हणाला असता की आणखी एक-दोन पिढ्यांत इथूनही ते जाईल.

आता १९६१मध्ये परत या आणि लबावच्या हाती लागलेले आकडे बघा. स्वर किती वर, किती मध्याकडे सरकला याचा त्याने एक निर्देशांक केला आहे. पंचाहत्तरीच्या वरच्यांचा २५. साठीच्या वरच्यांचा ३५. पंचेचाळीस ते साठ या वयाचे ६२ वर. आणि ऐन उमेदीतले, एकतीस ते पंचेचाळीस वयाचे, ८१ वर. मुलगा बापापेक्षा जुन्या वळणाचं बोलतो आहे आणि नातू आजोबापेक्षा. गावांत सर्वांत पुढे चिलमार्क, धंद्यांत सर्वांत पुढे कोळी, दोघांचा आकडा १०० वर. मावळायला निघालेला स्वर परत फिरला आहे.

खरं कारण वय नाही, शिक्षणही नाही. लबाव आकडे दुसऱ्या तऱ्हेने लावतो, आणि तिथे उत्तर स्पष्ट दिसतं. ज्यांना बेट आपलं वाटतं त्यांचा निर्देशांक ६३. ज्यांना ना प्रेम ना राग, त्यांचा ३२. ज्यांना इथून सुटायचं आहे त्यांचा ९. मासेमारी आटते आहे, घरं विकली जात आहेत, आणि अशा वेळी ज्यांनी राहायचं ठरवलं त्यांच्या तोंडात चिलमार्कच्या कोळ्यांचा स्वर पक्का होतो आहे. हे पहिल्यांदा वाचलं की माणूस थांबतो. आपण धरून चालतो की बोलण्याची ढब आईच्या दुधाबरोबर येते आणि मग तशीच राहते. इथे एक आई लबावला सांगते की तिचा मुलगा पहिल्यापासून असा बोलत नव्हता, कॉलेजातून परत आला तेव्हापासून बोलू लागला. तिचा अंदाज असा की त्याला धक्क्यावरच्या माणसांसारखं व्हायचं असावं. तिच्या या अंदाजाशी लबावचे सगळे तक्ते जुळतात.

म्हणून तिशीच्या आतल्यांचा आकडा खाली, ३७ वर. त्यांचं अजून ठरायचं आहे.

बेटाच्या पश्चिम टोकाला गे हेडला जाल तेव्हा आणखी एक गोष्ट ऐकाल. तिथले वाम्पानोआग आदिवासी या बेटावर सर्वांच्या आधीपासूनचे. गोऱ्यांनी त्यांच्याकडे बरोबरीच्या नात्याने फार उशिरा पाहिलं, काहींनी अजूनही नाही. तरी त्यांच्या तरुणांच्या बोलण्यात हा ‘ऐ’ आहे. आणि अझोर्सहून, केप व्हर्देहून आलेल्या पोर्तुगीज कुटुंबांत आजोबांच्या तोंडी फारसा नसलेला हा स्वर नातवांनी उचलला आहे. तीन वंश, बेटावरचा एकच हक्क, आणि तो सांगणारा एकच स्वर.

चिलमार्क सोडण्याआधी एक वळण घेतलंच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात या गावात दर पंचवीस माणसांत साधारण एक जन्मतः बहिरं होतं. तेव्हा सारं गाव हातांनी बोलायला शिकलं. ऐकू येणारेही खुणांची भाषा बोलत, चर्चमध्ये, बाजारात, होडीवरून होडीवर. ती भाषा बोलणारी शेवटची बहिरी व्यक्ती १९५२मध्ये गेली. लबावशी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती भाषा लहानपणी पाहिलेली असणार. शेजाऱ्याला आपलं म्हणायचं असेल तर त्याच्यासारखं बोलायचं, हे या गावाला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता नोव्हेंबर १९६२. न्यूयॉर्क, फिफ्थ अव्हेन्यू, सॅक्सचं दुकान. पायाखाली गालिचा, काउंटरवर मोजकाच माल, बोलणं हलकं. लबाव गिऱ्हाईक होऊन पुढे जातो आणि बायकांच्या चपला कुठे आहेत असं विचारतो. त्याला माहीत आहे की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ येणार. चौथ्या मजल्यावर गेला की तो हा कितवा मजला म्हणून विचारतो. ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारतो, म्हणजे उत्तर दुसऱ्यांदा सावकाश येतं. मग खांबाआड जाऊन कागदावर टिपतो. दोन शब्दांत दोनदा ‘र’ यायला हवा. तो आला का?

जुन्या न्यूयॉर्कची रीत तो गिळण्याची. ‘फोऽथ फ्लोऽ.’ एके काळी ही मोठ्या घरातल्यांची खूण होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टची रेडिओवरची भाषणं ऐका, तोही असाच बोलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं आणि स्पष्ट ‘र’ला मान आला. शहराने आपल्याच तोंडची रीत कमी दर्जाची ठरवली.

सॅक्सच्या उंची दुकानातून चौतिसाव्या रस्त्यावर मधल्या दर्जाच्या मेसीजमध्ये जा, आणि तिथून युनियन स्क्वेअरला स्वस्तातल्या एस. क्लाइनमध्ये. क्लाइनचं छत खाली आलेलं, फरशी सिमेंटची, कपडे ढिगाने. सॅक्समधल्या ६२ टक्के लोकांनी सगळ्या किंवा काही वेळा ‘र’ उच्चारला. मेसीजमध्ये ५१ टक्क्यांनी. क्लाइनमध्ये पाचांत जेमतेम एकाने. तिन्ही ठिकाणी एकूण २६४ माणसं, सगळी त्या दुकानांत पगारावर काम करणारी. सॅक्सचे विक्रेते मेसीजवाल्यांपेक्षा जास्त कमवत नव्हते. त्यांनी उसना घेतला होता तो गिऱ्हाइकांचा रुबाब, आणि तो जिभेवर वागवत ते आठ तास उभे होते. आणि मेसीजवाली बाई दुसऱ्यांदा उत्तर देते तेव्हा तिच्या ‘फ्लोअर’मधला ‘र’ ठसठशीत होतो, तो ऐका. पहिलं उत्तर सवयीचं होतं. दुसऱ्यात तिला कसं बोलावंसं वाटतं ते कळतं. मला हा क्षण फार लागतो. मेनेमशाच्या कोळ्याला आपला स्वर ठाऊकही नाही आणि तो त्यात निवांत आहे. हिला आपलं बोलणं पुरतं ठाऊक आहे, आणि दोन शब्दांच्या उत्तरातही ते दुरुस्त करावंसं वाटतं आहे.

शेवटचा थांबा मिशिगन, जुलै १९७९. अॅन आर्बर शहरातल्या मार्टिन ल्यूथर किंग प्राथमिक शाळेत बहुतेक मुलं सुखवस्तू गोऱ्या घरांतली. ग्रीन रोडवरच्या सरकारी घरांमधून थोडी काळी मुलं येतात, आणि त्यांतल्या कितीकांना शिकण्यात अडचण असलेली असे शिक्के बसले आहेत. त्यांच्या आयांनी शाळा मंडळाला न्यायालयात खेचलं आहे. लबाव या खटल्यात साक्षीला आला आहे. भाषातज्ज्ञांत पुढाकार जिनीव्हा स्मिदरमन यांचा, ज्या स्वतः काळ्या आहेत आणि या मुलांची बोली घरातून बोलत आल्या आहेत.

प्रश्न साधा आहे. मूल ‘पास्ट’ वाचताना शेवटचा ‘ट’ सोडतं. घरी सगळेच सोडतात. बाई वहीत वाचनाची चूक म्हणून लाल खूण करते. मुलाला अर्थ समजला होता, पण बाईला मुलाचा उच्चार समजला नाही. अशा खुणा दिवसाला दहा, वर्षाला शेकडो. मूल आधी मोठ्याने वाचायचं थांबवतं, मग वाचायचंच थांबवतं.

न्यायाधीश चार्ल्स जॉइनर १२ जुलैला निकाल देतात. मुलांच्या घरची बोली हा अडथळा नाही. शिक्षकांना ती ओळखू न येणं आणि तिच्याबद्दल नकळत मनात धरलेली अढी, हा अडथळा आहे. मुलांना प्रमाण इंग्रजी वाचायला यायलाच हवं, आणि म्हणूनच त्यांची बोली शिक्षकांना समजली पाहिजे. मंडळाने तीस दिवसांत आराखडा द्यायचा आहे. त्यानंतरच्या शालेय वर्षात किंग शाळेतले शिक्षक स्वतःच प्रशिक्षणाला बसतात, मूल कुठे चुकलं आणि कुठे फक्त घरच्यासारखं बोललं, हे वेगळं ऐकायला शिकण्यासाठी.