कॅम्पस न पाहिलेल्यांचं विद्यापीठ

नाशिकमध्ये सुट्टीच्या दिवशी कुठं जायचं, या प्रश्नाचं बहुतेक वेळा एकच उत्तर असतं: गंगापूर रोड. सोमेश्वरचं मंदिर, तिथून जवळचा धबधबा, मग गोवर्धन, मग धरणाचं बॅकवॉटर आणि द्राक्षमळे. याच बाजूला, गंगापूर धरणाजवळ, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं आवार आहे. त्याचं नाव ज्ञानगंगोत्री. आजूबाजूला टेकड्या, जवळ पाणी, पावसाळ्यात नजर जाईल तिथं हिरवं. शहरातल्या सुंदर जागांची यादी करायला बसलो, तर ही जागा माझ्या पहिल्या पाचांत येईल.

फक्त एक गोष्ट खटकते. कॅम्पस म्हटलं की आपल्याला जे आठवतं, ते इथं फारसं दिसत नाही. कट्ट्यावरचा घोळका, कँटीनची उधारी, परीक्षेच्या सकाळी झाडाखाली चाललेली घोकंपट्टी. कारण या विद्यापीठाचे विद्यार्थी इथं नसतात. ते नंदुरबारला असतात, लातूरला असतात, गडचिरोलीला असतात. घरी आलेली पुस्तकं वाचतात, जवळच्या अभ्यासकेंद्रावर जातात, तिथंच परीक्षा देतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी हे आवार कधीच पाहिलेलं नसतं.

मग हे सौंदर्य कुणासाठी?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो महाराष्ट्रातल्या पहिल्या विद्यापीठाइतकाच जुना आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 ची. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेलं हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हतंच. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठानं. 1862 मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हा आज आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो, तो राजाबाई टॉवर अस्तित्वातच नव्हता. तो पूर्ण झाला 1878 मध्ये. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे इंग्लंडमध्ये बसून काम करत होते, ते मुंबईला कधी आलेच नाहीत. आजच्या भाषेत सांगायचं तर वर्क फ्रॉम होम. म्हणजे आपल्याकडं विद्यापीठ आधी आलं, कॅम्पस नंतर.

नाशिकला तर विद्यापीठ कायम दूरच होतं. 1924 मध्ये इथं हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज, म्हणजे आपलं एचपीटी, सुरू झालं. आपल्या कॉलेज रोडची ओळख ज्या कॉलेजांमुळं झाली, त्यांतलं हे सर्वांत जुनं. वि. वा. शिरवाडकर इथं शिकले, वसंत कानेटकरांनी इथं शिकवलं. पण पदवी मिळायची मुंबई विद्यापीठाची. 10 फेब्रुवारी 1949 ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि नाशिकचा पत्ता बदलून मुंबईवरून पुण्यावर गेला. माझी इंजिनिअरिंगची डिग्रीही त्याच विद्यापीठाची. शिकलो नाशकात, मार्कशीटवरचं नाव पुण्याचं.

त्या पुण्याच्या आवाराला मात्र इतिहासाचा चांगलाच भार आहे. गणेशखिंडीतली ती टॉवरवाली इमारत मुळात विद्यार्थ्यांसाठी बांधलेली नव्हती. तो मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्कामाचा बंगला. बार्टल फ्रिअरच्या काळात, 1864 मध्ये काम सुरू झालं. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ तिथंच झाला आणि तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ज्या दारातून सामान्य माणसाला आत जाता येत नव्हतं, त्या दारातून स्वातंत्र्यानंतर विद्यार्थी आत गेले. तिथलं मोठं वडाचं झाड, दगडी कमानी, हिरवळ, सगळं पाहण्यासारखंच आहे. पण मला त्या जागेचं खरं सौंदर्य या मालकीबदलात वाटतं.

दारातून आत जाणं म्हणजेच सगळं नव्हे, हे सांगणारी एक व्यक्ती नाशिकचीच आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. पुढं ऑक्सफर्डला गेल्या आणि तिथं कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ऑक्सफर्ड म्हणजे जगातल्या सगळ्यांत देखण्या विद्यापीठांपैकी एक. त्या तिथं राहिल्या, तिथल्या ग्रंथालयांत बसल्या, 1892 मध्ये कायद्याची परीक्षाही दिली. पदवी मिळाली नाही. कारण त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नसे. तो नियम बदलला 1920 मध्ये आणि कॉर्नेलियांच्या हातात पदवी आली 1922 मध्ये. मध्ये तीस वर्षं गेली.

कॉर्नेलियांना कॅम्पस मिळाला, विद्यापीठ मिळालं नाही. मुक्त विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ मिळतं, कॅम्पस मिळत नाही. यातलं कोण जास्त बाहेरचं?

मुक्त विद्यापीठाची कल्पना याच प्रश्नातून आली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला 1969 मध्ये सनद मिळाली, 1971 मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. तिचं मुख्यालय मिल्टन कीन्समधल्या वॉल्टन हॉल इथं आहे. तिथंही जुना बंगला, झाडं, आवारातच एक मध्ययुगीन चर्च आणि तिथंही बहुतेक विद्यार्थी मात्र दूर कुठंतरी, आपापल्या घरी. प्रवेशासाठी आधीच्या पदवीची किंवा मार्कांची अट नाही, हे तिचं मोठं धाडस होतं. 1982 मध्ये आंध्र प्रदेशात, 1985 मध्ये दिल्लीत इग्नूच्या रूपानं ही कल्पना भारतात आली. महाराष्ट्राचं मुक्त विद्यापीठ 1 जुलै 1989 चं. पहिले कुलगुरू राम ताकवले, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे गणेशखिंडीतला राजवाडा सांभाळलेल्या माणसानं भिंती नसलेलं विद्यापीठ उभं केलं. पुढं ते इग्नूचेही कुलगुरू झाले.

नाव यशवंतरावांचं, हेही नीट बसतं. लहानपणी वडील गेलेले, परिस्थिती ओढग्रस्तीची, आईच्या बळावर शिकलेला मुलगा. ते मुख्यमंत्री असताना 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि 1962 मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. 1963 मध्ये संरक्षणमंत्री असताना ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, ते याच नाशिकमधून.

विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आवाराचं नाव ज्ञानगंगोत्री. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, म्हणून ही नावं इथल्या माणसाला लगेच कळतात. शेजारचं गंगापूर धरण मात्र उलट काम करतं. 1965 मध्ये पूर्ण झालेला, जवळपास चार किलोमीटर लांबीचा हा मातीचा बांध पाणी अडवतो. मग ते कुणाला किती सोडायचं, यावर नाशिक आणि मराठवाडा दर दुष्काळात भांडतात. पाणी वाटलं की कमी होतं, म्हणून भांडण. ज्ञान वाटून कमी होत नाही, तरी आपण त्याला दीडशे वर्षं बांध घालून ठेवला होता: वयाचा, फीचा, बारावीच्या मार्कांचा, शहरातल्या खोलीभाड्याचा. मुक्त विद्यापीठानं त्यातले काही बांध फोडले. बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारी अभ्यासक्रम करून बीएला जाता येऊ लागलं. शाळा सुटलेली गृहिणी, ड्यूटी सांभाळून शिकणारा पोलीस शिपाई, शेती करत पदविका घेणारा शेतकरी अशांना विद्यापीठात जागा मिळाली.

तरीही दूर राहून काहीच हरवत नाही, असं मी म्हणणार नाही. धरणाच्याच परिसरात त्याचा एक फार जुना पुरावा आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना गंगापूरजवळ गोदावरीकाठच्या खडीच्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1952 मध्ये डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केला. हातकुऱ्हाड घडवणं हे पुस्तकातून शिकायचं काम नव्हे. दगड कुठल्या कोनात मारायचा, हे शेजारी बसून, दुसऱ्याचा हात बघतच कळत असणार. मी आज कोड लिहून पोट भरतो, पण त्यातलं बरंचसं प्रोफेसरांनी नाही, व्हायव्हाच्या आदल्या रात्री शेजारच्या मुलानं शिकवलं. 2020 मध्ये सगळे वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा हेच शेजारपण गेलं आणि आपण सगळ्यांनी त्याबद्दल तक्रार केली. तेव्हा ‘कॅम्पस लाइफ हरवली’ म्हणणाऱ्या पिढीला एक गोष्ट सांगावीशी वाटते: जी आपल्याकडून दोन वर्षं गेली, ती राज्यातल्या लाखो विद्यार्थ्यांकडं कधी नव्हतीच. त्यांनी तक्रार न करता पदवी घेतली.

नाशिकला 1998 मध्ये आणखी एक राज्यव्यापी विद्यापीठ मिळालं, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्याचेही विद्यार्थी राज्यभरातल्या कॉलेजांत विखुरलेले. ज्या शहराचं विद्यापीठ कायम दुसऱ्या गावी होतं, ते शहर आता दुसऱ्या गावांतल्या मुलांचं विद्यापीठ सांभाळतंय. यात मला इतिहासाची एक चांगली परतफेड दिसते.

म्हणून कॅम्पसवरच्या सुंदर जागा कुणी विचारल्या तर मी राजाबाई टॉवर सांगतो, गणेशखिंडीतला वड सांगतो, ज्ञानगंगोत्री सांगतो. तुमच्या घरात मुक्त विद्यापीठाची पदवी असलेली आई, काका किंवा मावशी असेल, तर त्यांना एकदा तरी तिकडं घेऊन जा. जागा त्यांचीच आहे. आणि यादीत आणखी एक ठिकाण जोडतो, ज्याचा फोटो कुणी काढत नाही: तालुक्याच्या कॉलेजातली अभ्यासकेंद्राची वर्गखोली. रविवारची सकाळ, पंखा कुरकुरतोय आणि पहिल्या बाकावर पन्नाशीतल्या एक बाई चष्मा पुसत पुस्तकाचं पहिलं पान उघडतायत.