एज ऑफ एम्पायर्समध्ये तलाव का नाही?

आजचा भाग एका गेमपासून सुरू होतो आणि भंडाऱ्याच्या मामा तलावांपर्यंत जातो. मध्ये थोडे गोंड राजे येतील, थोडे भोसले. ऐकताना एखादं गाव सुटलं असेल तर इथे वाचून घ्या.

'एज ऑफ एम्पायर्स २' आला १९९९ च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी १ मे रोजी आमच्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला होता. अर्थात गेम आमच्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. शाळा सुटली की आम्ही तुमसरच्या एका सायबर कॅफेत बसायचो. सुरुवातीला तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि मध्ये टाउन सेंटर. लाकूड तोडा, मेंढ्या मारा, शेत करा, फौज उभारा आणि शेजाऱ्याचं सगळं जमीनदोस्त करा. झालात राजे.

त्यातलं शेत आठवतं का? ६० लाकूड दिलं की शेत तयार. त्यातून १७५ अन्न निघतं आणि मग पुन्हा पेरायचं. पाणी कुठून येतं, हे गेम विचारतच नाही. शेती सुधारायला चक्कीत तीन शोध लावता येतात: घोड्याचं जू, जड नांगर आणि पिकांची फेरपालट. तिन्ही मध्ययुगीन युरोपातले, जिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत राहतो. तिथल्या शेतकऱ्याची मुख्य अडचण चिकट, ओल्या जमिनीची होती. म्हणून नांगर महत्त्वाचा.

आमच्याकडे उलटं आहे. पाऊस कमी नाही, पण तो चार महिन्यांत येतो आणि जातो. साकोलीकडे माझ्या आजोबांची चार बांध्यांची धानाची शेती होती. ते रोवणीची काळजी करायचे, पण त्याहून जास्त काळजी दाणा भरायच्या वेळची. सप्टेंबर संपताना पाऊस गेला आणि बांधीत पाणी नसलं, तर लोंबी पोचट राहते. हिरवंगार उभं पीक आणि आत दाणा नाही. म्हणून इथे राज्य करायचं तर आधी पाणी अडवणं भाग होतं.

गोंड राजांना हे कळलं होतं. या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की जो तलाव बांधेल, त्याला त्या तलावाखालची जमीन मिळायची. म्हणजे खजिन्यातून पैसा न देता राजा तलाव बांधून घ्यायचा. बांधणाऱ्याला जमीन, राजाला वसलेलं गाव. या कामात कोहळी समाज तरबेज. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला असं मानतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात आणि त्यातल्याच एकीवर कोलू पाटील आज कोलासुर देव म्हणून बसलाय. तलाव बांधणाऱ्याचा देव झाला, ही गोष्ट मला फार आवडते.

आता विजयाचं बघू. गेममध्ये जिंकायचं म्हणजे बहुतेकदा शत्रूचं सगळं जमीनदोस्त करायचं. देवगडच्या बख्त बुलंद शाहने नागपूर वसवलं. त्याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजा खान पठाणाने तुमसरजवळ अंबागड किल्ला बांधला. पण हे राज्य गेलं ते किल्ला पडला म्हणून नाही. चांद सुलतान वारल्यावर वारसाचा तंटा झाला. राणी रतनकुंवरने मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावलं. ते आले, मदत केली, मोबदला घेतला. पुढे बुऱ्हान शाह आणि अकबर शाह या भावांचं बिनसलं, तेव्हा रघुजी पुन्हा आले आणि १७४३ च्या सुमारास कारभारच हातात घेतला. बुऱ्हान शाह नागपुरात नावाचा राजा राहिला. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, पोटी मुलगा नव्हता आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. दोन्ही वेळा खरा दरवाजा घरातूनच उघडला.

आणि दोन्ही वेळा तलाव शाबूत राहिले. कारण नवा राजा आला तरी सारा धानावरच मिळणार होता. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मालगुजारांना गावाची मालकी दिली, तेव्हा तलावही त्यांच्याकडे गेले. मालगुजार काही संत नव्हते, वेठबिगारीही होती. पण पाळ फुटली तर त्यांचंच नुकसान, म्हणून दुरुस्ती व्हायची.

तलावांना खरा धक्का बसला तो एका चांगल्या कायद्याने. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. संपायलाच हवी होती. तलाव सरकारचे झाले आणि नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे. कागदावर मालक आहे, पण पावसाळ्याआधी पाळीवर फेरी मारणारा माणूस व्यवस्थेतून गळाला. गाळ साचला, बेशरम माजली, काठावर अतिक्रमण झालं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे नवीन फीचर बनवणाऱ्याचं कौतुक होतं आणि जुनी सिस्टीम चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही. गेमही तसाच आहे. शेत संपलं की नवीन टाकायचं, गाळ काढायचं बटणच नाही. राज्य घेणं दोन पिढ्यांच्या भांडणात जमून गेलं, पण पाळ दरवर्षी बघावी लागते.

आजोबांच्या बांध्यांना पाणी देणारा तलाव अजून आहे. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा अर्ध्याहून जास्त गाळाने भरलेला दिसला. तुमच्या गावातला तलाव कुणी बांधला, आणि शेवटचा गाळ कधी काढला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. उत्तरं आम्हाला पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.