ॲनोरेक्सिया नर्व्होसा: निदान कसं होतं आणि जिवाला धोका का असतो?

‘द कार्पेंटर्स’ या अमेरिकेतील गाजलेल्या जोडीतील गायिका कॅरन कार्पेंटर हिचा ४ फेब्रुवारी १९८३ रोजी मृत्यू झाला. वय अवघं ३२ वर्षं. तिचं हृदय बंद पडलं होतं आणि त्यामागे होता ॲनोरेक्सिया नर्व्होसा. विशेष म्हणजे आधीच्या काही महिन्यांत उपचारांमुळे तिचं वजन वाढलं होतं. म्हणूनच या आजारात फक्त वजनाच्या काट्याकडे बघून चालत नाही.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

‘ॲनोरेक्सिया’ म्हणजे भूक नसणे. पण हे नाव फसवं आहे. बहुतेक रुग्णांना भूक लागते, ती दाबली जाते. हा हट्ट नाही, फॅशन नाही आणि साधं डाएटही नाही. हा मानसिक आजार आहे. तो बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो. मुलींमध्ये जास्त दिसतो, पण मुलांनाही होतो.

निदान कसं होतं?

रक्ताच्या एखाद्या चाचणीतून हा आजार कळत नाही. डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी पाहतात:

- खाणं इतकं कमी करणं की वय आणि उंचीच्या मानाने वजन फार घटतं.
- वजन वाढण्याची तीव्र भीती, किंवा ते वाढू नये म्हणून सतत धडपड.
- शरीर बारीक असूनही स्वतःला जाड समजणं, किंवा प्रकृतीचं गांभीर्य न पटणं.

आशियातील काही रुग्ण जाडीची भीती बोलून दाखवत नाहीत. ‘पोट फुगतं’, ‘जेवण जात नाही’ एवढंच सांगतात. त्यामुळे क्षयरोग, थायरॉईड, मधुमेह किंवा नैराश्य यांमुळे वजन घटत नाही ना, हेही तपासावं लागतं.

पूर्वी मुलींमध्ये पाळी थांबणं ही निदानाची अट होती. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निकषांतून ती काढली गेली. वजन खूप घटूनही ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या रुग्णालाही तितकाच धोका असू शकतो.

शरीरावर काय परिणाम होतो?

उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू वापरू लागतं. हृदयही स्नायूच आहे. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, चक्कर येते. उलट्या किंवा जुलाबाच्या औषधांमुळे पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. हाडं ठिसूळ होतात. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, तरी धोका टळला असं नसतं. या आजारातील मृत्यूंमागे आत्महत्या हेही मोठं कारण आहे.

घरच्यांनी काय करावं?

बळजबरीने भरपूर खाऊ घालू नये. दीर्घ उपासमारीनंतर एकदम जास्त खाल्ल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घटून जीव धोक्यात येऊ शकतो. खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं.

रोजचं ‘आत्ताच खाल्लं’, वाढते उपवास, जेवताना एकटं बसणं, ऊन असतानाही थंडी वाजणं, या खुणा दिसल्या तर रागावण्याऐवजी फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही भेटावं. बेशुद्ध पडणं, छातीत धडधडणं किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर लगेच रुग्णालय गाठावं. सरकारी ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन २४ तास सुरू असते.

किशोरवयीन मुलांमध्ये कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार विशेष उपयोगी ठरतात. वेळेत मदत मिळाली तर हा आजार पूर्ण बरा होऊ शकतो.