दूरच्या रुग्णालयाकडे व्हीलचेअरवरून रेल्वेप्रवास

मुंबईतील टाटा स्मारक, दिल्लीतील एम्स किंवा वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे तपासणीची तारीख मिळालेल्या व्हीलचेअरवरील रुग्णाला बहुधा रेल्वेचाच आधार असतो. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीस व तिच्या एका सोबत्यास शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत 75 टक्के, तर वातानुकूलित प्रथम व द्वितीय श्रेणीत 50 टक्के सवलत मिळते. मार्च 2020 मध्ये इतर अनेक सवलती थांबवण्यात आल्या, तेव्हाही ही कायम राहिली.

भाड्यापेक्षा दरवाजा अवघड ठरतो. रुंद दाराचा व प्रशस्त स्वच्छतागृहाचा दिव्यांग कक्ष अनेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना असतो, पण तो बहुधा गार्डच्या डब्यात, गाडीच्या अगदी टोकाला. फलाटावरील लिफ्ट मात्र तेथून दूर. आरक्षित शयनयानात बाकांलगतच्या अरुंद वाटेतून नेहमीची व्हीलचेअर जात नाही. रुग्णाला उचलून न्यावे लागते, खुर्ची घडी करून मागाहून येते. वेल्लोरसाठी उतरायचे ते काटपाडी जंक्शनला, आणि गाडी तेथे काही मिनिटेच थांबते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 41 मध्ये सुलभ वाहतुकीची तरतूद आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम 15 सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी अवैध ठरवून बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला.

‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेमुळे केवळ सल्ल्यापुरती फेरी टळू शकते. शस्त्रक्रिया किंवा स्कॅनसाठी प्रवास करावाच लागतो.